क्षयरोग आणि दंतोपचार : एका भयाचा इतिहास

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. हत्यारांवरील हा जंतू उष्णतेने मरतो. हवेतील जंतूचा प्रश्न मात्र दीर्घकाळ उरला. विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये तुषार सुकून हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची संकल्पना मांडली. पुढे बाल्टिमोर येथे क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा गिनीपिगांपर्यंत पोहोचवून रिचर्ड रायली प्रभृतींनी तिला पुष्टी दिली.

दंतवैद्यकात भय रुग्णाचेच बाळगले गेले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली घटना याच्या उलट होती: क्षयबाधित दंतवैद्याकडून दात काढून घेतलेल्या १५ रुग्णांना संसर्ग झाला होता. मुखपट्टीची गरज कोणाला अधिक, हा प्रश्न येथे अपरिहार्य ठरतो.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रुग्ण संसर्गक्षम असेपर्यंत तातडीचे नसलेले दंतोपचार पुढे ढकलावेत. तातडीचे उपचार हवेच्या विलगीकरणाची सोय असलेल्या ठिकाणी, श्वसनरक्षक मुखवटा वापरून करावेत. साधी मुखपट्टी दंतवैद्याला पुरेशी नाही. ‘संसर्गक्षम असेपर्यंत’ म्हणजे ‘औषधे संपेपर्यंत’ नव्हे. परिणामकारक औषधांनी संसर्गक्षमता बहुधा सहा महिन्यांच्या उपचाराच्या बऱ्याच आधी ओसरते; तोवर दाढदुखीने तळमळणाऱ्या रुग्णाला दारातूनच परत पाठविण्यास या तत्त्वांत आधार सापडत नाही.