केकवर नाव नीट कसं लिहायचं? आयसिंग, रंग आणि शुद्धलेखनाची उपयुक्त माहिती

पहिला वाढदिवस असो, लग्नाचा वाढदिवस असो की गुरुजींच्या निवृत्तीचा कार्यक्रम, केक आता गावोगावी पोहोचला आहे. अनेक गावांत महिला घरूनच ऑर्डर घेतात. स्पंज मस्त फुगतो, क्रीमही छान बसते, पण शेवटी नाव लिहायला घेतलं की हात थरथरतो. अक्षरं पसरतात, रंग ओघळतो, नाहीतर नावच चुकतं. बाकी केक कितीही चांगला झाला तरी फोटोत चुकलेलं नाव कायमचं राहतं. म्हणून ही माहिती.

कशाने लिहायचं?

केकचा वरचा थर कसला आहे, त्यावर हे ठरतं.

– क्रीमचा केक : त्याच क्रीममध्ये रंग मिसळून लिहावं किंवा न्यूट्रल जेल वापरावं. जेल फेटावं लागत नाही, अक्षराला चमकही येते.
– चॉकलेट : कंपाउंड वितळवून लिहिता येतं. त्यात पाण्याचा थेंब गेला तरी ते आटून गोळा होतं. म्हणून पांढऱ्या चॉकलेटला रंग द्यायचा तर तेलात मिसळणारा रंगच घ्यावा.
– आयसिंग शुगर : 1 वाटी चाळलेल्या साखरेला साधारण 1 ते दीड मोठा चमचा दूध पुरतं. दूध थोडं थोडं घालावं. हे वाळून कडक होतं, त्यामुळे साध्या केकवर किंवा बिस्किटावर चांगलं बसतं. ओल्या क्रीमवर मात्र ते विरघळतं.

मिश्रण बरोबर झालं का, हे ताटलीवर एक रेघ ओढून बघा. रेघ पसरली तर पातळ झालंय, अजून साखर घाला. रेघ मध्येच तुटत असेल तर घट्ट झालंय, दुधाचे थेंब घाला. बटर पेपरचा कोन करून टोक अगदी बारीक कापा. टोक मोठं करणं कधीही जमतं, लहान करता येत नाही.

रंग कसा मिसळायचा?

पातळ रंगाने आयसिंग सैल होतं, त्यामुळे लिहिण्यासाठी जेल रंग बरा. टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच घ्या आणि अर्धा तास थांबा. ठेवल्यावर रंग गडद होतो. घाईत जास्त रंग घातला तर, विशेषतः लाल आणि काळा, कडवट लागतो. काळा हवा असेल तर आधी कोको पावडर घालून तपकिरी करून घ्यावा, मग काळा रंग थोडाच लागतो.

फ्रीजमधला केक गरम हवेत आला की त्यावर पाणी सुटतं आणि गडद अक्षरांचा रंग ओघळतो. दुचाकीवरून केक न्यायचा असेल तर तो शेवटच्या क्षणापर्यंत थंड ठेवा, आणि पोहोचल्यावर वरचं पाणी बोटाने पुसायला जाऊ नका.

मराठी अक्षरांची युक्ती

अर्धा किलोचा केक साधारण 6 इंचांचा असतो. त्यावर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि पूर्ण नाव कोंबू नये. नाव मोठं, शुभेच्छा लहान. आधी तेवढाच गोल कागदावर काढून लिहून बघा, मग केकवर टूथपिकने हलक्या खुणा करा. अक्षरं आधी, शिरोरेघ नंतर, आणि वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार सर्वांत शेवटी. त्यासाठी वर जागा सोडायला विसरू नका.

थेट केकवर लिहायची भीती वाटत असेल तर बटर पेपरवर चॉकलेटने नाव लिहा, फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या आणि अलगद उचलून केकवर ठेवा. इथे आपली शिरोरेघ कामी येते. चॉकलेट ओलं असतानाच ती जाड ओढली की सगळी अक्षरं एकमेकांना जोडली जातात आणि नाव अखंड उचलता येतं. अनुस्वाराचा ठिपका तेवढा वेगळा ठेवावा लागतो.

चुकलं तर?

लगेच पुसू नका, डाग पसरतो. केक 10-15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. अक्षर घट्ट झालं की चाकूच्या टोकाने उचला आणि त्या जागी क्रीमचा पातळ हात फिरवा.

नेहमी चुकणारे शब्द

– हार्दिक (हार्दीक नाही)
– अभीष्टचिंतन (अभिष्टचिंतन नाही)
– आशीर्वाद (आर्शिवाद नाही)

नाव फोनवर ऐकून लिहू नका. श की ष, पहिली वेलांटी की दुसरी, हे ग्राहकाकडून मेसेजवर लिहूनच घ्या. ‘नाव निळ्या रंगात लिहा’ अशी सूचना असेल तर ती वेगळ्या ओळीत मागा, नाहीतर सूचनाच केकवर जायची.

रंग खाण्याचाच घ्या

खाद्यपदार्थांसाठी देशात फक्त 8 कृत्रिम रंगांना परवानगी आहे : पोन्सो 4आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टार्ट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. त्यांच्या प्रमाणालाही मर्यादा आहे. ऱ्होडामाइन-बी हा भडक गुलाबी रंग कपड्यांसाठी वापरतात, खाण्यात त्याला परवानगी नाही. तो सापडल्यामुळेच तमिळनाडूने फेब्रुवारी 2024 मध्ये रंगीत ‘बुढ्ढी के बाल’वर बंदी घातली.

बाजारातला सुटा, पुडीतला रंग घेऊ नका. डबीवर रंगाचं नाव, मुदत आणि 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक बघा. सोनेरी-चंदेरी चमकीवर नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असेल तर ती खाण्याची आहे असं समजू नये. घरून केक विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयकडे नोंदणी करावी लागते, त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

केक बहुतेक वेळा लहान मुलांसाठीच असतो, आणि नाव लिहिलेला तुकडा सगळ्यात आधी तेच मागतात. अक्षर थोडं वाकडं आलं तरी चालेल, रंगात मात्र तडजोड नको.