‘गु-सुई-बू’ची पारख

चिनी वैद्यकात ‘गु-सुई-बू’ हे औषध हाडांच्या दुखापतींवर पूर्वापार वापरले जाते. नावाचा अर्थच मुळी ‘तुटल्या हाडाची डागडुजी’ असा आहे. ड्रायनेरिया फॉर्च्युनी या नेच्याचे हे आडवे, लवयुक्त खोड होय. खडकांवर व झाडांच्या बुंध्यांवर वाढणारा हा नेचा सह्याद्रीतील ‘बाशिंग’ या नेच्याचा सगोत्र आहे. तापलेल्या वाळूत भाजून व लव काढून खोडाचे काप बाजारात येतात. एकदा काप झाले, की ते नेमक्या कोणत्या नेच्याचे हे नुसत्या नजरेने सांगणे कठीण. तैवानमध्ये तर डॅव्हालिया प्रजातीतील नेच्यांची खोडेही याच नावाने विकली जातात.

अशा वेळी फ्लॅव्होनॉइड संयुगांची साक्ष काढावी लागते. या खोडातील प्रमुख संयुग नारिंजिन. पपनसाची साल कडू लागते ती याच्यामुळेच! चिनी औषधकोशानुसार खोडात ते किमान ०.५० टक्के असावे लागते.

अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड मिसळून येणाऱ्या पिवळ्या रंगावरून एकूण फ्लॅव्होनॉइड मोजण्याची स्वस्त पद्धत अनेक प्रयोगशाळांत रूढ आहे. येथे मात्र ती फसवी ठरते. नारिंजिन फ्लॅव्हॅनोन गटातील असल्याने त्याचा रंग नीट उमटत नाही आणि चांगला मालही हिणकस भासतो. म्हणून भुकटी मेथनॉलमध्ये उकळून अर्क काढतात आणि द्रव क्रोमॅटोग्राफीच्या (एचपीएलसी) स्तंभातून तो दाबाखाली सोडतात. घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. २८३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश त्यांनी किती शोषला, याची शुद्ध नारिंजिनशी तुलना केली की प्रमाण मिळते. ओळखीची खातरजमा वस्तुमान वर्णपटमापकावर होते. नारिंजिनचा ऋणभारित आयन ५७९ वर दिसतो आणि शर्करेची जोडी तुटताच २७१ वर उतरतो.

तरीही एकट्या नारिंजिनवर विसंबणे धोक्याचेच. पपनसवर्गीय फळांतून ते सहज मिळत असल्याने निकृष्ट मालात वरून मिसळता येते. त्यामुळे निओएरिओसिट्रिनसारख्या सोबतच्या संयुगांसह अर्काचा संपूर्ण आलेख तपासणे आणि कापांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, दोन्ही आवश्यक ठरते. अर्थात या चाचण्या मालाची अस्सलता सांगतात. हाड जुळते की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याबाबतचा बराचसा पुरावा अद्याप पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोगांचाच आहे.