टोनी हॅनकॉक: एकेक माणूस वजा करत गेलेला विनोदवीर

आज आपल्याला ब्रिटनला जायचंय, तेही १९५० च्या दशकात. टीव्ही अजून सगळ्यांच्या घरी पोचलेला नाही आणि संध्याकाळी माणसं रेडिओभोवती बसतायत. हेडफोन वगैरे काही नाही, अख्ख्या घराला एकच रेडिओ.

त्या रेडिओवर १९५१ साली एक भन्नाट प्रकार चालायचा. ‘एज्युकेटिंग आर्ची’ नावाच्या कार्यक्रमाचा हिरो होता एक बोलका बाहुला. रामदास पाध्यांचा अर्धवटराव आठवा, आणि आता तो फक्त ऐकू येतोय अशी कल्पना करा. शब्दभ्रमाचा खेळ, आणि तो रेडिओवर! ओठ हलतायत की नाही, हे बघणार कोण? पण लोकांना जाम आवडायचा. या बाहुल्याचा वैतागलेला मास्तर झाला होता टोनी हॅनकॉक. जन्म बर्मिंगहॅमचा, १९२४ चा. लहानपण बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावात गेलं, आईवडील तिथे हॉटेल चालवायचे. युद्धात हवाई दलात असताना स्टेजवर उभं राहायची सवय लागली, नंतर लंडनच्या विंडमिल थिएटरमध्ये छोटी-मोठी कामं.

खरी गोष्ट सुरू होते २ नोव्हेंबर १९५४ ला. बीबीसी रेडिओवर ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ सुरू झाला. लिहिणारे दोघे होते, रे गाल्टन आणि अॅलन सिम्पसन. हे दोघं भेटले कुठे, तर क्षयरोगाच्या सॅनिटोरियममध्ये. विशीच्या आतली दोन पोरं, पडून राहायचं, वेळ जात नाही, मग हॉस्पिटलच्या रेडिओसाठी विनोदी लिहायला लागली. पुढे या जोडीने ब्रिटिश कॉमेडीचा साचाच बदलला. तोवर रेडिओ कॉमेडी म्हणजे दोन चुटके, मध्ये एक गाणं, परत चुटके. यांनी गाणं काढून टाकलं आणि एकच गोष्ट अर्धा तास चालवली. आज आपण ज्याला सिटकॉम म्हणतो, ते ब्रिटनमध्ये इथे रुजलं.

त्यातला हॅनकॉक राहतो ईस्ट चीममध्ये, घर नंबर २३, रेल्वे कटिंग्ज. स्वतःला फार मोठा समजणारा, पण खिशात दमडी नसलेला माणूस. बोलताना मोठमोठे शब्द, आणि दर वेळी तोंडावर आपटणार. सोबत मित्र सिड जेम्स, जो त्याला दर आठवड्याला गंडवायचा. बिल केर, हॅटी जॅक्स, आणि चित्रविचित्र आवाज काढणारा केनेथ विल्यम्स. १९५६ पासून हेच टीव्हीवरही आलं आणि हॅनकॉक देशातला सगळ्यात मोठा विनोदी नट झाला.

आणि मग त्याने माणसं काढायला सुरुवात केली.

आधी केनेथ विल्यम्सची कामं कमी झाली. विचित्र आवाज काढून मिळणारं हसू हॅनकॉकला स्वस्त वाटायचं. १९६० मध्ये सिड जेम्सचा नंबर लागला. लोक आपल्याला जोडी म्हणून ओळखायला लागलेत, ही त्याची भीती. मला ही भीती खोटी वाटत नाही हं. डेमो तुम्ही दिलात आणि शाबासकी ‘टीमला’ मिळाली की आतून काय होतं, हे ऑफिसात बसणाऱ्याला सांगायला नको.

गंमत म्हणजे सुरुवातीला तोच बरोबर ठरला. १९६१ च्या नव्या मालिकेचा पहिला भाग, ‘द बेडसिटर’, त्यात तो अख्खा वेळ एकटा आहे. एक भाड्याची खोली आणि एक माणूस. त्याच मालिकेतला ‘द ब्लड डोनर’ २३ जूनला लागला. हा गडी रक्तदानाला जातो, त्याला वाटतं एखादा थेंब घेतील. बाटलीभर द्यायचंय म्हटल्यावर जो काही चेहरा होतो! शेवटी घरी हात कापून घेतो आणि स्वतःचंच दिलेलं रक्त परत चढवून घेतो. ब्रिटिश लोक आजही यातले संवाद पाठ म्हणतात.

पण नीट बघा, त्याची नजर समोरच्या नटाच्या जरा बाजूला आहे. रेकॉर्डिंगच्या थोडेच दिवस आधी त्याला गाडीचा अपघात झाला होता. डोक्याला मार लागला, पाठांतर जमेना, म्हणून संवाद कॅमेऱ्याजवळ लावून ठेवले. बाकी कुणी असता तर बरं झाल्यावर परत पाठांतराला बसला असता. हॅनकॉकला ती सोय सवयीची झाली. दारूही वाढत होती.

त्याच वर्षी त्याने गाल्टन आणि सिम्पसनलाही सोडलं. नव्या सिनेमासाठी त्यांनी लिहिलेलं त्याला पटत नव्हतं, त्याला जगभर चालेल असं काहीतरी हवं होतं. चालणारा कोड फेकून सगळं नव्याने लिहायचा जो मोह होतो ना, तसंच काहीसं. लेखकांनी काय केलं? १९६२ मध्ये भंगारवाल्या बाप-लेकाची ‘स्टेप्टो अँड सन’ लिहिली. ती १९७४ पर्यंत चालली आणि तिच्यावरून अमेरिकेतही मालिका निघाली. सिड जेम्स ‘कॅरी ऑन’ सिनेमांचा स्टार झाला.

हॅनकॉकने १९६३ मध्ये ‘द पंच अँड ज्युडी मॅन’ काढला. समुद्रकाठी बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या माणसाची उदास गोष्ट. सिनेमा चालला नाही. पण त्यात एक सीन आहे, आईस्क्रीमच्या दुकानात तो एका लहान मुलाकडे बघून, अगदी त्याच्यासारखंच, चमचा चमचा आईस्क्रीम खातो. जवळजवळ शब्दच नाहीत. हे त्याला जमत होतं, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. पुढच्या टीव्ही मालिका मात्र एकामागून एक पडल्या, दोन लग्नं मोडली.

१९६८ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला एका मालिकेच्या शूटिंगला गेला. तेरा भाग करायचे होते, तीन झाले. जूनमध्येच, सिडनीतल्या फ्लॅटमध्ये, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४४. ‘ब्लड डोनर’ला नुकती सात वर्षं झाली होती. त्याच्या अस्थी विली रश्टन या दुसऱ्या विनोदी नटाने विमानाने इंग्लंडला आणल्या.

त्याचं काही ऐकायचं असेल तर माझं मत ‘संडे आफ्टरनून अॅट होम’ला, १९५८ चा रेडिओ भाग. बाहेर पाऊस, रविवारची दुपार, कुणालाच काही काम नाही, सगळे नुसते कंटाळलेत. सिड आहे, बिल आहे, हॅटी आहे, केनेथ पण आहे. मध्येच कितीतरी वेळ कुणी काहीच बोलत नाही. फोन बंद पडला असं समजू नका, ती शांतता स्क्रिप्टमधलीच आहे.