सावंतवाडीचे चितारकाम : लाकूड, लाख आणि आपली ज्ञाती

आपल्या ज्ञातीच्या पूर्वेतिहासाविषयी या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा डोळ्यांपुढे प्रथम उभी राहिली ती आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरची एक रिकामी पेटी. दीड वीत लांबीची, सरकत्या झाकणाची, तांबड्या जमिनीवर पिवळ्या वेलबुट्टीने रंगविलेली ही पेटी आमच्या आजोबांच्या हातची. एके काळी तिच्यात दशावतारी गंजिफांचा संपूर्ण डाव होता. वडिलांच्या शाळेची फी भरावयाची अडचण पडली त्या वर्षी तो डाव एका फिरत्या व्यापाऱ्याने अगदी अल्प मोलाने नेला. पेटीचा एक कोपरा उडालेला असल्यामुळे ती मात्र त्याला नको होती. पुढे आमच्या आईने तिच्यात सुईदोरा आणि बटणे ठेवली. ज्या घरात डाव रंगविला गेला त्या घरी त्याचे एकही पान उरले नाही, आणि जी पेटी उरली तिचा रंग कसा सिद्ध केला हे सांगणारेही कोणी उरले नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त हे आहे.

चितारी हे आपले नाव ‘चित्रकार’ या शब्दाचेच लोकांच्या तोंडी झालेले रूप होय. सावंतवाडीतील चितार आळी या नावाने ओळखली जाते, आणि सीमेपलीकडे गोव्यात सासष्टी तालुक्यातील कुंकळ्ळी गावीही चितारी कुटुंबे लाखकामासाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या पूर्वजांनी बखरी लिहिल्या नाहीत, शिलालेख कोरविले नाहीत, आणि केलेल्या वस्तूवर स्वतःचे नावही घातले नाही. म्हणून आपला इतिहास शोधावयाचा तो पाट, पाळणे, देव्हारे, करंडे आणि पेट्या यांच्यातच शोधावा लागतो.

राजाश्रय आणि गंजिफा

गंजिफांचा खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात आला. बाबराच्या आत्मवृत्तात १५२७ सालच्या नोंदीत त्याने सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याचा उल्लेख आहे, आणि अकबराच्या दरबारी खेळल्या जाणाऱ्या पानांचे वर्णन अबुल फजलाने ‘ऐने अकबरी’त केले आहे. मोगली डाव आठ रंगांचा व शहाण्णव पानांचा. आपल्या देशातील कारागिरांनी त्यास दहा अवतारांचा साज चढविला, तेव्हा तो दहा रंगांचा व एकशेवीस पानांचा झाला. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक वजीर आणि एक्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. दिवसा खेळावयाचे तर उतारी रामाची आणि रात्री खेळावयाचे तर कृष्णाची, असा संकेत. खेळता खेळता देवाचे नाव मुखी यावे ही त्यातली सोय आपल्या लोकांस फार मानवली.

सावंतवाडी संस्थानात या कलेस बहर आला तो तिसरे खेमसावंत भोसले यांच्या दीर्घ कारकीर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, असे परंपरा सांगते. महाराज विद्येचे चाहते होते. शास्त्रचर्चेसाठी तेलंगणातून आलेल्या पंडितांबरोबर हा खेळ वाडीस आला आणि महाराजांनी तो येथील चितारी मंडळींकडून रंगवून घेतला, असेही सांगण्यात येते. परंपरेच्या तपशिलावर किती भार द्यावा हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की, दरबारची मागणी आणि घरोघरीच्या लग्नकार्याची मागणी या दोहोंवर ही आळी पिढ्यानुपिढ्या जगली. नवरीच्या पाठवणीबरोबर रंगीत पाट, चौरंग आणि कुंकवाचा करंडा, बारशाला लाखेचा पाळणा, आणि लेकीबाळींना भातुकली, हा या प्रांतीचा परिपाठच होता.

लाकडाची निवड

आपल्या कामाचे मूळ लाकडात आहे, आणि ते लाकूड कोकणच्या मातीतलेच आहे. पाट आणि पोळपाट यांसाठी शिवण, देव्हाऱ्यास फणस, खोक्यांस आणि साध्या कामास आंबा. पण चितारी खरा रमला तो पांगाऱ्यावर. पांगारा हे झाड तसे कोणाच्या मोजणीत नसलेले. फांदी रोवली की ती रुजते, म्हणून कुंपणास लावावे, मिरीच्या वेलास आधार द्यावा, आणि माघ-फाल्गुनात त्याची लालभडक फुले पाहावीत, इतकाच त्याचा लौकिक. घराच्या तुळईस ते चालत नाही, आणि जळण म्हणूनही त्यास कोणी फारसे विचारीत नाही. परंतु जे लाकूड इतरांनी टाकले तेच आपल्या लोकांनी उचलले. कारण ते वजनास हलके, पटाशीस मऊ, वाळावयास सोपे आणि रंग धरावयास उत्तम. पेरू, सीताफळ, केळी, आंबा, मिरची अशी जी रंगीत फळे सावंतवाडीच्या नावाने सर्वत्र ओळखली जातात, ती या पांगाऱ्याचीच. मुलाच्या हातून फळ पायावर पडले तरी इजा होत नाही, हा हलकेपणाचा आणखी एक गुण.

लाकूड तोडल्याबरोबर कामास घेत नसत. साल काढून, तुकडे करून, सावलीत वाळत ठेवीत. ओले लाकूड रंगाखाली घाम सोडते आणि मग रंग पापुद्र्याने निघतो. ‘ज्याला वाळण्याची वाट पाहता येत नाही त्याने चितारी होऊ नये,’ असे आमचे आजोबा म्हणत. हा धडा केवळ लाकडापुरता नाही, हे पुढे मोठेपणी कळले.

लाखेची क्रिया

लाख हा एका किड्याने पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर निर्माण केलेला रस होय. तो धुऊन, तापवून, त्यात रंग मळून त्याच्या कांड्या करीत. हिंगुळाचा तांबडा, हरताळाचा पिवळा, काजळीचा काळा, निळीचा निळा, आणि नीळ व हरताळ मिळून हिरवा, एवढ्या थोडक्या रंगांवर सारा संसार चाले. करंडा, डबी, लाटणे, पाळण्याचा खूर अशी गोल वस्तू कातावर चढवून फिरवावयाची. पूर्वी एकाने दोरी ओढावी आणि दुसऱ्याने पटाशी धरावी, अशी जोडी लागे. त्यामुळे बापाबरोबर मुलगा आणि नवऱ्याबरोबर बायको कामास बसलेली असे. वस्तू गुळगुळीत झाली की फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरावयाची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडास चिकटते. मग केवड्याच्या पानाची पट्टी त्यावर दाबली म्हणजे रंग सारखा पसरतो आणि आरशासारखी झिलई येते. येथे ब्रशही लागत नाही आणि वाळण्याची खोटीही होत नाही. रंग लाकडात मुरतो, म्हणून पन्नास वर्षांचा करंडाही कापडाने पुसला की पुन्हा चमकू लागतो.

सपाट वस्तूंची रीत निराळी. पाट किंवा पेटी कातावर फिरविता येत नाही. तिच्यावर चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी यांचा लेप देऊन, तो घोटून जमीन तयार करीत, तिच्यावर बारीक कुंचल्याने वेली, कमळे, मोर आणि देवतांची चित्रे काढीत, आणि शेवटी निखाऱ्याच्या उबेवर लाखेचा हात देत. गंजिफांची पानेही लाकडी नव्हेत. कापडाचे थर याच खळीने चिकटवून, घोटून, गोल कापून ती करीत. हीच खळ, हाच कुंचला आणि हीच लाख पेटीसही लागे. म्हणून डाव आणि पेटी ही एकाच हाताची असत, आणि एक गेली म्हणजे दुसरी पोरकी होते, असे मी म्हणतो ते केवळ भावनेने नव्हे.

जुने ते सर्व निर्दोष होते असे मात्र कोणी समजू नये. हिंगुळात पारा असतो आणि हरताळात सोमल. आपले पूर्वज ती द्रव्ये उघड्या हातांनी कुटीत होते. आज मुलांच्या खेळण्यांस ते रंग लावणे कोणाही शहाण्या माणसास पटणार नाही. परंपरा राखावयाची म्हणजे तिच्यातील जोखीमही राखावयाची, असा अर्थ नव्हे.

लौकिक आणि उतरती कळा

१९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्ये सावंतवाडी संस्थानच्या उद्योगांची नोंद आहे. चामड्यावरील व कापडावरील जरीकाम, सोनेरी तार आणि भुंग्यांचे पंख बसविलेले वाळ्याचे पंखे, टोपल्या व पेट्या, गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू, आणि यांच्याच पंक्तीस लाखेची खेळणी व गंजिफा. साहेबाच्या ग्रंथात आपल्या कामाचे नाव आले, पण करणाऱ्याचे आले नाही. ‘वाडीचा पाट’ सर्वांस ठाऊक, पाट करणारा कोणासच ठाऊक नाही, ही आपल्या ज्ञातीची जुनीच कहाणी.

त्या सुमारास उतरती कळाही लागली होती. छापील विलायती पत्ते स्वस्त मिळू लागले. बावन्न पानांचा डाव काही आण्यांत येऊ लागल्यावर महिनोन् महिने खपून रंगविलेली एकशेवीस पाने कोण घेणार? १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि दरबारचा आश्रय संपला. त्यामागून पत्र्याची आणि प्लॅस्टिकची खेळणी आली. लाखेच्या जागी डब्यातील तयार रंग आला. तो लवकर लागतो, स्वस्त पडतो, आणि लवकर उडतोही. आळीतील तरुण मुंबईस गिरणीत, छापखान्यात, कचेरीत गेले. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. पोटाला भाकरी देऊ न शकणाऱ्या कलेस कवटाळून बसा, असे मुलास सांगणे सोपे नसते, आणि ते न्याय्यही नसते.

पुनरुज्जीवन

अशा वेळी जे घडले त्याची कृतज्ञतेने नोंद करणे हे ज्ञातीचे कर्तव्य होय. सावंतवाडीचे राजेसाहेब कै. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब कै. सत्वशीलादेवी यांच्या लक्षात आले की, गंजिफा करण्याची विद्या जाणणारे फारच थोडे हात आता उरले आहेत. त्यांपैकी एक होते वयोवृद्ध कारागीर कै. पुंडलिक चितारी. राणीसाहेबांनी त्यांच्यापाशी बसून ही विद्या स्वतः शिकून घेतली. १९७१ साली राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना सुरू झाला, आणि तेथे पाने, पेट्या, चौरंग व शोभेच्या वस्तू पुन्हा होऊ लागल्या. सत्वशीलादेवी २०१८ साली निवर्तल्या. परंतु वाड्यातील दरबार हॉलमध्ये बसून कुंचला चालविणारे कलावंत पाहावयास मिळतात, हे त्यांचे खरे स्मारक होय.

या घटनेत आपल्यासाठी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो टाळून लेख संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जी विद्या आपण घरातल्या घरात राखली, ती घराबाहेर शिकविली गेली म्हणूनच वाचली. आज तेथे काम करणारे सर्वच आपल्या ज्ञातीचे नाहीत. याचे काही वडीलधाऱ्यांस वाईट वाटते, आणि ‘आपले ते लोकांचे झाले’ असे उद्गार आपल्या सभांतूनही ऐकू येतात. मला मात्र निराळे वाटते. आमच्या आजोबांनी लाखेत काय व किती मिसळले हे कोणास सांगितले नाही. मुलगा शिकून साहेब होणार, त्याला हे कशाला, असे ते म्हणत. त्यांची ती मिसळण त्यांच्याबरोबरच गेली. ती एखाद्या परक्याने जरी शिकून घेतली असती, तरी आज मी त्याच्या पायाशी बसून ती विचारू शकलो असतो. विद्या बाहेर गेल्याने आपली राहत नाही हे खरे नसून, ती न दिल्याने नाहीशी होते हेच खरे.

ज्ञातिबांधवांस विनंती

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही की, प्रत्येकाने आपल्या घरचा माळा एकदा पाहावा. फुटका करंडा, उडालेला पाट, एकटे पडलेले गंजिफाचे पान, जे सापडेल ते टाकू अगर विकू नये. त्याचे छायाचित्र घेऊन, ते कोणी व कोणासाठी केले हे घरातील वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. दुसरी ही की, ज्यांच्या हाती अद्याप कात किंवा कुंचला आहे त्यांच्या कामाची रीत त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावी, आणि पुढील स्मरणिकेत ती त्यांच्या नावानिशी छापावी. तिसरी अगदी साधी : कोकणात ज्याची थोडीबहुत जागा आहे त्याने कुंपणाला एक पांगारा लावावा. फांदी रोवली की ती रुजते, हे वर सांगितलेच आहे.

ती रिकामी पेटी मी माळ्यावरून खाली आणली आहे. कोपरा दुरुस्त करवून घ्यावा असे प्रथम मनात होते. नंतर तो तसाच राहू दिला, कारण त्या उडालेल्या कोपऱ्यातूनच आतले पांगाऱ्याचे पांढरे लाकूड दिसते, आणि त्यावरची जमीन, रंग व लाख असे तीन थर नातवंडांना बोटाने दाखविता येतात. मधल्या नातीने परवा विचारले, ‘आजोबा, ह्यात पाने कोण भरणार?’ तिला कुंकळ्ळीस किंवा वाडीस एका उन्हाळ्याच्या सुटीत शिकावयास पाठवावे असा आम्ही घरी विचार केला आहे. ती शिकेलच असे नाही. परंतु विचारणारे कोणी आहे तोवर सांगणारे कोणी असावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.