मूल बोलेनासें झालें तेव्हां

दीड वर्षाचें मूल. कालपर्यंत चार शब्द बोलत होतें, आई दिसतांच हात पुढें करीत होतें. हळूहळू तें बोलेनासें होतें. हांक मारली तरी मान वळवीत नाहीं. डब्याचें झांकण गरगर फिरवीत तासन् तास बसून राहतें. घरांतील वडील मंडळी प्रथम म्हणतात, 'बोलेल उशिरानें, याचा बापहि असाच होता.' पुढें कानांची परीक्षा होते आणि कान शाबूत निघतात. मग एखाद्या रात्रीं मूल निजल्यावर आईबाप गेल्या वर्षाच्या दिवसांची उजळणी करूं लागतात. ताप केव्हां आला होता? पडलें केव्हां? कोणतें औषध दिलें होतें? त्या उजळणींत एक तारीख अशी सांपडते कीं, ती कागदावर लिहिलेलीच असते. ती लस टोंचल्याची तारीख होय.

ज्या अवस्थेस इंग्रजी वैद्यकांत ऑटिझम व मराठींत स्वमग्नता म्हणतात, तिचा लशीशीं संबंध जोडला गेला तो अशाच उजळणींतून. हा इतिहास एका वैद्याच्या लबाडीची कथा म्हणून सांगण्याची रीत पडली आहे. ती कथा खरी आहे, परंतु अपुरी आहे. त्या वैद्यावर इतक्या सुशिक्षित आईबापांनीं विश्वास कां ठेवला, हें कळण्यास साठ वर्षें मागें जावें लागतें; आणि तेथें दिसतें तें असें कीं, लशीवर आरोप होण्यापूर्वीं हाच आरोप आईवर ठेवून झाला होता, आणि तो ठेवणारे लोक कांहीं लबाड नव्हते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिसिसिपीमध्यें फॉरेस्ट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील एका वकिलानें १९३८ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील डॉक्टर लिओ कॅनर यांस आपल्या मुलाविषयीं एक पत्र पाठविलें. पत्र टंकलिखित असून त्याचीं पानें तेहतीस होतीं. मुलाचें नांव डोनाल्ड. दोन वर्षांचा असतां त्याला शंभरापर्यंत अंक येत, मुळाक्षरें सुलटीं व उलटीं म्हणतां येत, धर्मशिक्षणांतील पंचवीस प्रश्नोत्तरें पाठ होतीं. पण आईबाप घरांत आले काय आणि गेले काय, त्याला त्याचें कांहींच नसे. वैद्यांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका आरोग्यसंस्थेंत ठेवण्यांत आलें होतें. आईबापांनीं त्याला तेथून परत आणलें आणि थेट बाल्टिमोर गांठलें.

डोनाल्ड आणि त्याच्यासारखीं आणखी दहा मुलें, म्हणजे आठ मुलगे व तीन मुली, यांच्याविषयीं कॅनर यांनीं १९४३ सालीं जो निबंध लिहिला, त्यानें या अवस्थेला वैद्यकांत स्वतंत्र स्थान मिळालें. निबंधाच्या शेवटीं त्यांनीं स्पष्ट म्हटलें कीं, हीं मुलें जन्मतःच अशीं असावींत. परंतु त्याच निबंधांत त्यांनीं आणखी एक निरीक्षण नोंदविलें. या मुलांचे आईबाप बुद्धिमान, शिकलेले, पण मायेनें ओथंबलेले असे फारसे दिसत नाहींत, असें तें निरीक्षण होतें. तेहतीस पानांच्या पत्राचा उपयोग त्यांनीं कबूल केला. पण त्यांतील बारकाव्यांचा सोस मात्र त्यांना खटकला. मुलाच्या काळजीनें बापानें जें जें आठवलें तें सारें लिहून काढावें, आणि वैद्यानें त्या लिहिण्यांतच बापाचा दोष पाहावा, असा हा प्रकार झाला. खरें पाहतां, ज्या काळीं अशा मुलांस मंदबुद्धि ठरवून कोठें तरी कोंडून ठेवीत, त्या काळीं बाल्टिमोरपर्यंत पोहोंचणारे आईबाप शिकलेले आणि चिकाटीचेच असणार. गाळणींतून जें खालीं आलें त्यावरून साऱ्या पाण्याची परीक्षा झाली.

पुढें खुद्द कॅनर यांचीच लेखणी या बाबतींत अधिक कठोर झाली. थंड स्वभावाच्या आईबापांनीं या मुलांस जणूं शीतकपाटांत जपून ठेवलें आहे, अशा अर्थाची उपमा त्यांनीं १९४९ मध्यें वापरली, आणि 'शीतकपाटी आई' हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडीं बसला. शिकागो विद्यापीठाच्या एका शाळेचे चालक ब्रूनो बेटेलहाइम यांनीं तर या कल्पनेवर १९६७ सालीं मोठा ग्रंथच लिहिला. हे गृहस्थ व्हिएन्नाचे. डाखाऊ आणि बूखेनवाल्ड येथील नात्सी छळछावण्यांत त्यांनीं दिवस काढले होते. छावणींतील कैदी जसा भीतीनें आपल्याच आंत मिटून जातो, तसें हें मूल आईच्या नकोसेपणामुळें मिटून गेलें आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. म्हणजे आई कोणाच्या जागीं बसविली गेली, हें सांगावयास नको. उपाय काय, तर मुलाला आईपासून दूर करणें. त्या काळच्या सुखवस्तु, पुस्तकें वाचणाऱ्या घरांत हें सारें आदरानें वाचलें गेलें. रात्रभर न झोंपणाऱ्या मुलाबरोबर जागणारी आई सकाळीं वैद्याकडे जाई, आणि तिच्यापुढें प्रश्न येई तो तिच्या स्वतःच्या मनाविषयीं. त्याच आईचीं दुसरीं मुलें हंसतीं खेळतीं होतीं, हा साधा पुरावा डोळ्यांपुढें असूनहि पुष्कळ वर्षें कोणी त्याची किंमत केली नाहीं.

हा आरोप मोडून काढला तो एका बापानें. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन आरमाराच्या नोकरींतील मानसशास्त्रज्ञ. १९५६ सालीं त्यांना मुलगा झाला आणि तो स्वमग्न निघाला. आपल्या पत्नीच्या मायेंत त्यांना कांहीं उणें दिसेना. त्यांनीं मिळेल तें वैद्यकीय लिखाण गोळा केलें, आणि या अवस्थेचें मूळ मेंदूच्या घडणींत आहे, आईच्या मनांत नव्हे, असें दाखविणारा ग्रंथ १९६४ मध्यें प्रसिद्ध केला. त्याला प्रस्तावना कॅनर यांची होती, ही गोष्ट दोघांनाहि शोभणारी होती. पुढल्याच वर्षीं रिमलंड यांनीं अशा आईबापांची संस्था उभी केली, आणि १९६९ सालीं त्या संस्थेच्या वॉशिंग्टन येथील सभेंत वृद्ध कॅनर यांनीं उभें राहून आईबापांस जाहीरपणें निर्दोष ठरविलें. १९७७ सालीं सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनीं जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकाच बीजांडापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकीं चारांत दोघांनाहि ही अवस्था होती. भिन्न बीजांडांच्या दहा जोड्यांत तशी एकहि नव्हती. आनुवंशिकतेचा हात त्यामुळें प्रथम स्पष्ट दिसला.

आई सुटली, पण खटला संपला नाहीं. आरोपीचा पिंजरा मात्र रिकामा झाला. आनुवंशिकता हें उत्तर खरें असलें तरी तें रात्रीच्या उजळणीला पुरत नाहीं. काल बोलणारें मूल आज कां बोलत नाहीं, हें त्यांत सांगितलेलें नसतें. त्यांतच अशा मुलांची संख्या वाढूं लागली. त्याचें एक मोठें कारण मोजण्याच्या पद्धतींत होतें. लंडनच्या डॉक्टर लॉर्ना विंग या स्वतः एका स्वमग्न मुलीची आई. त्यांनीं व ज्यूडिथ गूल्ड यांनीं १९७९ सालीं दाखवून दिलें कीं, कॅनर यांच्या कडक लक्षणांत न बसणारीं, पण त्याच जातीच्या अडचणी असणारीं मुलें पुष्कळ आहेत. व्याख्या रुंदावली, आणि ज्यांना पूर्वीं मंद, विक्षिप्त किंवा हट्टी म्हणून सोडून देत त्यांची गणना होऊं लागली. नेमक्या याच काळांत, १९८८ मध्यें, गोवर, गालगुंड व जर्मन गोवर या तीन रोगांवरील एकत्र लस ब्रिटनमध्यें सुरू झाली. तिची पहिली मात्रा वर्ष सव्वा वर्षाच्या मुलास देत; आणि बोलणें थांबल्याचें घरच्यांच्या लक्षांत येतें तेंहि त्याच्याच पुढल्या महिन्यांत.

१९९८ च्या फेब्रुवारींत लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांतील अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे बारा सहकारी यांचा निबंध 'लॅन्सेट' या मान्यवर पत्रांत आला. मुलें अवघीं बारा. त्यांपैकीं आठांच्या आईबापांनीं दोषाचा आरंभ लशीशीं जोडला होता. संबंध सिद्ध झालेला नाहीं, असें निबंधांतच म्हटलें होतें. पण वार्ताहरांच्या सभेंत वेकफील्ड यांनीं एकत्र लस थांबवून तिन्ही लशी वेगवेगळ्या द्याव्या असें सांगितलें, आणि वर्तमानपत्रांनीं उचललें तें हेंच. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ज्या आयांना आजवर वैद्यांनीं 'तुम्ही उगाच घाबरतां' म्हणून वाटेला लावलें होतें, त्यांचें म्हणणें या वैद्यानें तासन् तास ऐकून घेतलें होतें. ज्यांचें कोणी ऐकलें नाहीं ते ऐकणाऱ्याच्या मागें गेले, यांत मूर्खपणा तो कितीसा?

ऐकणाऱ्याचा हेतु मात्र निर्मळ नव्हता. 'संडे टाइम्स'चे वार्ताहर ब्रायन डीअर यांनीं २००४ पासून हें प्रकरण उकलीत नेलें. लशीच्या कारखानदारांवर दावा लावूं पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना मिळालेली रक्कम पुढें चार लाख पौंडांहून अधिक भरली, आणि हा पैसा गरिबांच्या कायदेसाहाय्याच्या सरकारी निधींतला होता. निबंध येण्यापूर्वीं, १९९७ मध्यें, त्यांनीं गोवराच्या एका वेगळ्या लशीच्या पेटंटसाठीं अर्जहि केला होता. आपल्या मुलाच्या वाढदिवसाला जमलेल्या मुलांचें रक्त पांच पांच पौंड देऊन त्यांनीं घेतल्याचें चौकशींत निघालें. तेरा लेखकांपैकीं दहांनीं २००४ मध्येंच निबंधाच्या निष्कर्षापासून अंग काढून घेतलें. २०१० च्या फेब्रुवारींत 'लॅन्सेट'नें निबंध रद्द केला आणि मे महिन्यांत वेकफील्ड यांचें नांव वैद्यांच्या नोंदवहींतून कमी झालें. निबंधांतील मुलांचीं वर्णनें मूळ कागदपत्रांशीं जुळत नाहींत, हेंहि पुढें उघड झालें.

परंतु लबाडी सिद्ध झाली म्हणजे प्रश्नाचें उत्तर मिळालें असें नव्हे. लबाड माणसाचा तर्क चुकून खरा असूं शकतो. तें उत्तर आंकड्यांनीं दिलें. डेन्मार्कमध्यें २००२ सालीं ५,३७,३०३ मुलांची नोंद तपासली गेली, आणि २०१९ सालीं आणखी ६,५७,४६१ मुलांची. लस टोंचलेल्या व न टोंचलेल्या मुलांत स्वमग्नतेचें प्रमाण लशीमुळें वाढलेलें आढळलें नाहीं. जपाननें अन्य कारणावरून १९९३ मध्यें एकत्र लस बंद केली होती; त्यानंतरहि योकोहामा शहरांत अशा मुलांची संख्या चढतच राहिली. लशींत वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या संयुगावरहि संशय घेतला गेला. तें काढून टाकल्यावरहि संख्या उतरली नाहीं. आणखी एक लहानसा अभ्यास या साऱ्याहून मनाला लागतो. १९९४ मध्यें अमेरिकेंतील दोन संशोधिकांनीं पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती जमविल्या; अकरा मुलें पुढें स्वमग्न ठरलेलीं, अकरा साधारण. केक कापण्याच्या त्या गडबडींत पहिल्या अकरांपैकीं बहुतेक मुलें माणसांच्या तोंडाकडे कमी पाहत होतीं, नांव घेतलें तरी वळत नव्हतीं. तेव्हां घरांत कोणाच्या तें लक्षांत आलें नव्हतें. येण्याचें कारणहि नव्हतें.

दरम्यान गोवर परत आला. आपल्या घरोघरीं गोवर म्हणजे येऊन जाणारा पाहुणा, असें पूर्वीं मानीत. त्यानें किती मुलें नेलीं, किती आंधळीं वा बहिरीं केलीं, याचा विसर पडण्यास लशीचें यशच कारण झालें आहे. वेल्समध्यें स्वान्सीच्या परिसरांत २०१२-१३ मध्यें सुमारें बाराशें लोकांना गोवराची लागण झाल्याची नोंद झाली. अमेरिकेंतील मिनेसोटांत सोमालियांतून निर्वासित होऊन आलेलीं कुटुंबें आहेत. आपल्या मुलांत ही अवस्था फार दिसते, असें त्यांना वाटूं लागलें. त्यांच्या भाषेंत तिला रूढ शब्दहि नव्हता. आरोग्यखात्याकडून समाधानकारक उत्तर मिळेना, आणि लशीचे विरोधक मात्र त्यांच्या सभांना आले. पदच्युत वेकफील्डहि तेथें जाऊन आले. २००४ मध्यें त्या समाजांतील शंभरांपैकीं ९२ मुलांना लस मिळत होती. २०१४ मध्यें ४२ जणांना. २०१७ सालीं तेथें गोवराची सांथ आली. ७५ जणांना लागण झाली, आणि त्यांत बहुतेक याच समाजाचीं लहान मुलें होतीं.

रिमलंड २००६ सालीं वारले. आईवरचा खोटा आरोप ज्यांनीं मोडला, त्या या बापानें उतारवयांत लशीवरील संशयाची बाजू घेतली होती. एकदां वैद्यकानें इतकी मोठी चूक केलेली ज्यानें पाहिली, त्याला तें दुसऱ्यांदा बरोबर असूं शकेल हें पटणें अवघड गेलें असावें.

आणि डोनाल्ड? त्याचा जन्म १९३३ चा. अमेरिकेंत गोवराची पहिली लस वापरांत आली १९६३ सालीं. १९४२ मध्यें आईबापांनीं त्याला गांवापासून दहा मैलांवर एका शेतकरी दांपत्याकडे ठेवलें. त्याला मोजण्याचा नाद होता, तेव्हां त्या शेतकऱ्यानें नांगर हातीं देऊन मक्याच्या ओळी मोजावयास लावल्या; मेलेले पक्षी गोळा करण्याचा नाद होता, तेव्हां एक कोपरा देऊन प्रत्येकाच्या थडग्यावर पाटी लावूं दिली. डोनाल्ड पुढें महाविद्यालयांतून पदवीधर झाला, फॉरेस्टमधील बँकेंत नोकरीस लागला, गोल्फ खेळला, देशोदेशीं एकटा हिंडून आला. गांवांत त्याला सर्व ओळखत. २०२३ सालीं एकोणनव्वदाव्या वर्षीं तो तेथेंच वारला.