पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी

पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांमध्ये एक राम आहे, एक देव आहे आणि एक गोविंदही आहे. आपल्या डोक्यावर घिरट्या घालणारी घार ती ‘गोविंदा’. उघड्या माळावर गाणारा लहानसा, तुरेवाला चंडोल तो ‘देवा’. आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येऊन बाभळीच्या झुडपात हालचाल करणारा चिमुकला वटवट्या तो ‘रामा’. वाटेल की ही नावं एखाद्या कीर्तनकाराला सुचली असावीत. प्रत्यक्षात ती दिली कर्नल विल्यम हेन्री सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं, १८३२ साली. आणि पक्षी होते आपल्या दख्खनचे.

मी सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन मावळात हिंडणारा साधा पक्षीनिरीक्षक. लोणावळा, खंडाळा, राजमाची, पवनेचं खोरं हा माझा नेहमीचा टापू. तिथं हिंडताना एक प्रश्न सारखा मनात येतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इथं कोणते पक्षी होते, हे आपल्याला कसं कळतं? झाडं तोडली गेली, धरणं झाली, रस्ते झाले. पक्षी तर मागं खूण ठेवत नाहीत. या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की आपण जाऊन पोचतो ते लाकडी खणांपर्यंत. कापूस भरलेले, उताणे निजवलेले मेलेले पक्षी, आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली एक लहानशी चिठ्ठी.

सुरुवात सायक्स यांच्यापासून करू. पेशवाई संपली आणि कंपनी सरकारला नव्यानं हाती आलेल्या मुलखाची खडान्‌खडा माहिती हवी होती. लोकसंख्या किती, पिकं कोणती, पाऊस किती, सारा किती बसेल, अशी. या कामावर १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी सायक्स यांना नेमलं. माणसं आणि शेतं मोजता मोजता हा गृहस्थ पक्षीही मोजू लागला. त्यांनी दख्खनमधल्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं मांडली. तळ्याकाठी ध्यान लावून बसणारी आपली ढोकरी, किल्ल्यांच्या कड्यांवर आणि लेण्यांच्या तोंडाशी भिरभिरणारी काळपट पाकोळी, झुडपाझुडपांतून शेपटी उडवणारा राखी वटवट्या, या सगळ्यांचं शास्त्रीय वर्णन त्या यादीत पहिल्यांदा आलं. एका रातव्याला त्यांनी ‘महारटेन्सिस’, म्हणजे मराठी मुलखातला, असं नाव दिलं. मावळच्या पूर्वेकडच्या माळावर दिसणाऱ्या करड्या रंगाच्या मोठ्या सातभाईला ‘माल्कमी’ हे नाव मिळालं. ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यावरून. बोर घाटातून गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये खुला केला तो याच माल्कम साहेबांनी. घाटातल्या रस्त्याचा आणि माळावरच्या सातभाईचा हा असा संबंध आहे.

पक्षी जमवण्याची त्या काळची रीत आज ऐकवत नाही, पण समजून घ्यायला हवी. तेव्हा छायाचित्र नव्हतं आणि रानात न्यावी अशी चांगली दुर्बीणही नव्हती. पक्षी ओळखायचा तर तो हातात हवा. म्हणून आधी बंदूक. मग त्याच दिवशी कातडं अलगद सोडवायचं, आतून सोमलाचा साबण चोळायचा म्हणजे कीड लागत नाही, कापूस भरायचा, शिवायचं आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर गाव, तारीख, नर की मादी, कोणी मिळवला. कातडं कितीही सुबक काढलं आणि चिठ्ठी हरवली, तर तो पक्षी शोभेची वस्तू होऊन बसतो. चिठ्ठी असली तर तो पुरावा ठरतो.

आता खंडाळ्याकडे वळू. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि घाटातली चढण १८६३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईहून खंडाळा एका दिवसाच्या अंतरावर आलं. थंड हवेसाठी येणाऱ्या साहेब मंडळींत एक अमेरिकन पाद्रीही होते, रेव्हरंड सॅम्युअल फेअरबँक. अमेरिकन मराठी मिशनचे हे गृहस्थ आयुष्याचा मोठा काळ अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मुलखात राहिले. पक्षी आणि गोगलगायी हा त्यांचा छंद. दक्षिणेत पळणीच्या डोंगरातल्या एका कस्तुरासारख्या पक्ष्याला १८६९ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. १८७६ मध्ये त्यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर इथं मिळवलेल्या पक्ष्यांची यादी छापली. खंडाळ्याच्या पक्ष्यांची एवढी जुनी छापील नोंद हाताशी असणं ही मावळच्या दृष्टीनं मोठीच ठेव आहे.

या यादीची निवडही पाहण्यासारखी आहे. एकीकडं घाटमाथा आणि दुसरीकडं कोरडं पठार. हाच फरक मावळात तासाभराच्या गाडीच्या प्रवासात दिसतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पुण्यात येईपर्यंत तो सातशे-आठशेवर उतरतो. म्हणून पावसाळ्यात खंडाळ्याच्या ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर माणसासारखी शीळ घालतो आणि तळेगावच्या पलीकडे माळावर चंडोल गातो. कोणता पक्षी नेमका कोणत्या गावचा, हे चिठ्ठीवर लिहिलेलं असणं किती मोलाचं, ते मावळात जितकं कळतं तितकं क्वचितच कुठं कळत असेल.

फेअरबँक यांची यादी छापली गेली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात. ते चालवणारे होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, राष्ट्रीय सभेची स्थापना करणारे तेच ह्यूम. देशभरचे अधिकारी, डॉक्टर, रेल्वेचे इंजिनियर त्यांना कातडी आणि टिपणं पाठवत. सिमल्याच्या त्यांच्या घरात भारतीय पक्ष्यांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह उभा राहिला होता. मग एक आघात झाला. ग्रंथ लिहिण्यासाठी वर्षानुवर्षं जमवलेले हस्तलिखितांचे गठ्ठे कुणा नोकरानं बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले. ह्यूम यांचं मन उडालं. १८८५ मध्ये त्यांनी कातडी, अंडी, घरटी मिळून ऐंशी हजारांच्या आसपास वस्तूंचा तो संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरायचं होतं. पटकीच्या साथीमुळं ते मुंबईला हलवावं लागलं.

सायक्स यांच्या पक्ष्यांनीही आधीच लंडनची वाट धरली होती. म्हणजे आपल्या पक्ष्यांच्या इतिहासाचा मोठा भाग आज इंग्लंडमधल्या ट्रिंग गावच्या खणांत आहे. सुदैवानं सगळाच नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत राणीच्या बागेतल्या संग्रहालयात आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. या संस्थेचा पक्षिसंग्रह आजही मुंबईत आहे. तो तपासून, एकेका पक्ष्याची नोंद करून सूची छापण्याचं काम हुमायून अब्दुलअली यांनी १९६८ पासून पुढं दशकानुदशकं केलं.

कुणी विचारील, मेलेल्या पक्ष्यांचा आज उपयोग काय? एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत २०१७ मध्ये संशोधकांनी संग्रहालयांतले तेराशेहून अधिक जुने पक्षी बाहेर काढून त्यांच्या पोटाच्या पांढऱ्या पिसांवरची काजळी मोजली. कारखान्यांच्या परिसरात गेल्या शतकाच्या सुरुवातीला मिळालेले पक्षी काळवंडलेले होते, नंतरचे स्वच्छ. हवा कधी किती घाण होती, हे पक्ष्यांनी पिसांवर लिहून ठेवलं होतं. हे वाचताना मला आपला बोर घाट आठवला. तिथं १८६३ पासून कोळशाची इंजिनं धूर ओकत चढत होती आणि १९३० च्या सुमाराला विजेची गाडी आली. तोच प्रश्न घाटातल्या पक्ष्यांना विचारायचा असेल, तर खंडाळ्याची चिठ्ठी पायात असलेला जुना पक्षी हवा. दुसरा साक्षीदार नाही.

मात्र साक्षीदार खोटं बोलला तर? तसंही घडलंय, आणि आपल्याच महाराष्ट्रातल्या एका पक्ष्याच्या बाबतीत. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजके नमुने मिळाले. त्यातले काही खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं मिळवले होते. याच डेव्हिडसन यांनी १८७८ मध्ये वेंडन यांच्यासह दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला होता. १८८४ नंतर रानपिंगळा दिसेनासा झाला. फक्त कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामवंत संग्राहकाच्या एका नमुन्यावर गुजरातेतलं मांडवी आणि १९१४ साल लिहिलेलं होतं. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध झाले, ते वाया गेले. पुढं पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं तो नमुना क्ष-किरणांखाली तपासला. शिवण, कापूस, कातडं सोडवण्याची ढब, सगळं डेव्हिडसन यांच्या हातचं. म्हणजे नमुना चोरीचा होता. उसवून पुन्हा शिवलेला आणि नवी खोटी चिठ्ठी बांधलेला. खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! एका खोट्या चिठ्ठीनं पक्षी हरवला होता आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी तो सापडला.

या चिठ्ठ्यांवर आणखी एक उणीव दिसते. साहेबाचं नाव असतं. पण पक्षी कुठं उतरतो हे सांगणारा ठाकर किंवा कातकरी, तो आणून देणारा शिकारी, दिवा लावून रात्री कातडं सोडवणारा हाताखालचा माणूस, यांची नावं सहसा नसतात. त्यांच्या ज्ञानाचा माग थोडाफार उरला आहे तो लोकभाषेतल्या नावांत. १८६२ पासून प्रसिद्ध झालेल्या जर्डन यांच्या पक्षिग्रंथात अनेक मराठी नावं नोंदलेली आहेत. आपल्या काळात मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध करून हे काम पुष्कळ पुढं नेलं.

आता बंदुकीचा काळ गेला, आणि गेला ते बरंच झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला चाप लावला. पण चिठ्ठीची गरज मात्र वाढली आहे. फेअरबँक खंडाळ्याला गेले तेव्हा वळवणचा आणि शिरोट्याचा तलाव नव्हता. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, त्याच्या पाण्यासाठी ते झाले. पुढं पवना धरण झालं, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. पाणकावळ्यांना, बदकांना नवं घर मिळालं. झाडीतल्या, माळावरच्या पक्ष्यांचं घर आक्रसलं. कुणाचं किती गेलं, हे उद्या सांगायचं तर आजची नोंद हवी.

ती नोंद ठेवायला तज्ज्ञ असावं लागत नाही. वर्षासहलीला जाताना खिशात छोटी वही ठेवा. गाव, तारीख, वेळ, पक्षी कोणता, किती, एवढं लिहा. नुसतं लोणावळा लिहू नका. वळवणचा बांध, राजमाचीची वाट, असं नेमकं लिहा. ओळख पटली नाही तर तसंच लिहा, अंदाजानं नाव ठोकू नका. नेहमी दिसणारा पक्षी दिसला नाही, तर तेही लिहा. हल्ली ई-बर्डसारख्या सोयीमुळं हीच नोंद मोबाइलवरून सगळ्या जगाला उपलब्ध होते, आणि देशातले पक्षी वाढले की घटले याचे हिशेब अशा हौशी लोकांच्या नोंदींवरच मांडले जात आहेत. सायक्स यांना राम, देव आणि गोविंद नोंदवण्यासाठी पक्षी मारावे लागले. आपल्याला ते करायचं नाही. फक्त चिठ्ठी खरी लिहायची आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)