सुरतेची खांड आणि पोरांचा लॉलीपॉप

लॉलीपॉप म्हटले की आपल्याला इंग्रज आठवतो. पण त्या काडीवरच्या साखरेचा माग काढत गेलो, तर वाट हजिऱ्याच्या किनाऱ्यावरून जाते, आणि तिथे आपले गोवेही भेटते.

हजिरा सुरतेजवळ, तापीच्या मुखाशी. आज तिथे मोठे बंदर आहे, पोलादाचा कारखाना आहे. शेजारीच सुवालीचा किनारा. 1612 साली या पाण्यात कॅप्टन थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांची गोव्याहून गेलेल्या पोर्तुगीज आरमाराशी लढाई झाली. पोर्तुगीज हटले आणि पुढे सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली. कंपनीची मोठी जहाजे सुवालीलाच नांगर टाकीत. माल मुख्यतः कापड आणि नीळ, पण त्यात साखरही असे.

गंमत अशी की सुरतेचा वाणी आजही साखरेला 'खांड' म्हणतो. संस्कृतातला 'खंड' फारशीत 'कंद' झाला, अरबांबरोबर युरोपात गेला आणि इंग्रजीत 'कँडी' बनला. म्हणजे इंग्रज सुवालीला उतरला तेव्हा 'कँडी' त्याच्या तोंडात होती आणि तिचा आजा सुरतेच्या बाजारात बसलेला होता!

पोर्तुगीजांचेही तेच. चरकसंहितेत 'फाणित' येते, उसाचा आटवलेला रस. ते इराणात 'पानीद', अरबीत 'फानीद' आणि पोर्तुगालात 'आल्फेनिम' झाले. ही पाक ओढून घडवलेली पांढरी मिठाई अझोरेस बेटांवर अजून करतात. ज्या साखरेच्या नावांचे मूळ इथले, तिच्याही व्यापारासाठी दोन परके आपल्या दारात भांडत होते. पुढे युरोपात साखर स्वस्त झाली ती ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या घामावर, हेही विसरू नये.

मग लॉलीपॉपमध्ये परके ते काय? आपल्या पाडव्याच्या गाठीही साखरेच्याच. फरक इतकाच की गाठीचा पाक घोटतात, त्यामुळे साखरेचे बारीक कण धरतात आणि ती पांढरी, भुसभुशीत होते. लॉलीपॉपचा पाक ढवळायचा नाही. वाटीभर साखर, पाव वाटी पाणी आणि चमचाभर लिंबाचा रस मंद आचेवर ठेवावा. लिंबामुळे काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, ते खडा बांधू देत नाहीत. गोळीबंद पाकाच्याही पुढे, साधारण 150 अंशांपर्यंत जायचे. थेंब गार पाण्यात टाकल्यावर काचेसारखा कडकन मोडला की उतरवावा. तूप लावलेल्या ताटात चमच्याने गोल टिकल्या घालून लगेच काड्या ठेवाव्यात. पाक भयंकर भाजतो, तेव्हा मुलांना दूरच ठेवा. आणि आपल्या दमट हवेत ही काच लवकर चिकट होते, म्हणून गार होताच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

गोव्यात आपण पदार्थांवरूनही वाद घालतो. हा आपला, तो फिरंग्यांचा. ही साखरेची वाट पाहिल्यापासून असा निवाडा द्यायला माझी जीभ कचरते. लेक परदेशी नांदून नवे नाव घेऊन माहेरी आली, तर तिला पाहुणी म्हणायचे की घरची, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तर तिला घरचीच म्हणेन.